गॅलरीत काय अंथरावे?

मुंबईच्या उपनगरांत अंगण कुणाच्या वाट्याला येते? अंधेरी असो की घाटकोपर, तीन-चार फूट रुंदीची गॅलरी हेच आपले अंगण. आमच्या अम्मी असरच्या नमाजनंतर तसबीह घेऊन तिथेच बसतात. खालची वर्दळ बघणे आणि समोरच्या शेजारणीशी सलाम-दुआ करणे, एवढीच त्यांची मोकळी हवा.

त्यांना फरशीचा गारवा लागू नये म्हणून मागच्या उन्हाळ्यात आम्ही हिरव्या गवतासारखा दिसणारा प्लॅस्टिकचा गालिचा आणला. दिसायला सुरेख होता. पण त्याच्या खाली रबराचा सलग थर होता, तिकडे आमचे लक्षच गेले नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला. वरून गालिचा सुकलेला दिसे आणि खाली पाणी तसेच साचलेले असे. फरशीला शेवाळ धरले. जुलैत एका सकाळी गालिचा सरकला आणि अम्मी पडल्या. हाड मोडले नाही, अल्हम्दुलिल्लाह! मनगटाची सूज आठ दिवसांत उतरली, पण मनात बसलेली भीती उतरेना. तीन महिने त्या गॅलरीत फिरकल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘‘शाळेत मुलांना शिकवता, आणि चटई घेताना ती उलटून पाहिली नाही?’’

बोल खरा होता. म्हणून या वेळी नीट चौकशी करून घेतले. जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

सुती सतरंजी घरातच शोभते. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या दमट हवेत भिजलेले सूत दिवसेंदिवस सुकत नाही, त्याला बुरशी धरते आणि वास येतो. तागाचेही तेच, तो ओला राहिला की कुजतो. काथ्या त्यापेक्षा चिवट आहे. दारातल्या पायपुसण्याला तो उत्तम. पण बसायला टोचतो आणि पाणीही धरून ठेवतो.

उघड्या जागेसाठी पॉलिप्रॉपिलीनची विणलेली चटई सोयीची. हा धागा पाणी जवळजवळ शोषतच नाही. मात्र त्याचा शत्रू ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी साधे प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि काही काळाने त्याचा भुगा पडू लागतो. म्हणून ऊन सोसण्यासाठी धाग्यात काही मिसळले आहे का, हे दुकानदाराला विचारावे आणि वेष्टनावर तसे लिहिलेले आहे का तेही पाहावे.

दुकानातच चार गोष्टी करून बघाव्यात. चटई उलटावी, खाली सलग रबर असेल तर घेऊ नये. ती उजेडासमोर धरावी. विणीतून उजेड दिसला तर पाणीही निघून जाईल. ओला पांढरा रुमाल घासून रंग सुटतो का ते पाहावे. कोपरा घट्ट दुमडून सोडावा. पांढरी चीर उमटली तर माल हलका समजावा. कडा शिवलेल्या असाव्यात, नाहीतर धागे तिथूनच सुटतात.

माप घरूनच घेऊन जावे. पाणी जाण्याचे भोक झाकले जाणार नाही आणि दार चटईला अडणार नाही, इतकी जागा सोडावी. लोकरीसारखी केसाळ चटई टाळावी. आपल्याकडे कबुतरांचा उपद्रव किती आहे ते सांगायला नको. सपाट विणीवरची घाण ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने निघते. केसाळ चटईत ती रुतून बसते. नमाज पढायची असेल तर जागा पाक असणे आलेच. आम्ही धुतलेल्या चटईवर वेगळा मुसल्ला अंथरतो आणि नमाज झाली की तो आत आणतो.

पावसाळ्यात चटई रोज उचलून उभी करावी. गुंडाळलेल्या चटईत किंवा तिच्याखाली साचलेल्या स्वच्छ पाण्यातही डेंग्यूचे डास अंडी घालतात. कठड्यावर वाळत घातली तर दोरीने बांधावी. तिचे पाणी खालच्या मजल्यावरच्यांच्या कपड्यांवर पडणार नाही, याचीही काळजी घ्यावी. शेजाऱ्याचा हक्क आपल्या चटईपेक्षा मोठा आहे.

नवी चटई घ्यायला आम्ही अम्मींनाच सोबत नेले. त्यांनी ती उलटली, उजेडात धरली, वर उभे राहून पाय घासून पाहिला आणि मगच मान हलवली. घरी आणल्यावर तिच्या चारही कोपऱ्यांखाली न सरकणाऱ्या जाळीचे तुकडे ठेवले. पहिल्या दिवशी त्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी बसल्या. आता असरनंतर समोरची शेजारीण पुन्हा हाक मारते आणि आतून अम्मींचे उत्तर जाते, ‘‘आले, आले!’’