अवजाराचे छिद्र आणि लोखंडाचा थकवा

उन्हाळी नांगरटीच्या दिवसांत बोरगाव मेघेच्या शिवारातील काळी जमीन वाळून कठीण होते. अशा जमिनीत कल्टिव्हेटरचा दांडा मोडला की लोखंड हलके निघाले, असे म्हटले जाते. ही समजूत पुष्कळदा चुकीची असते. तो दांडा कित्येक दिवसांपासून थोडाथोडा तुटत आलेला असतो.

ढेकूळ लागताच दांडा किंचित वाकतो व सुटताच पूर्ववत होतो. असे झटके हजारो वेळा बसले म्हणजे एरवी सहज पेलणाऱ्या भारानेही लोखंडास बारीक चीर जाते. यास धातूचा थकवा म्हणतात. चिरेचा आरंभ बहुधा बोल्टच्या छिद्रापाशी होतो; कारण रुंद पट्टीतील गोल छिद्राच्या कडेवर सरासरीच्या सुमारे ३ पट ताण येतो. १९५४ साली कॉमेट जातीची दोन ब्रिटिश प्रवासी विमाने भूमध्य समुद्रात कोसळली, त्यांच्या तपासातही धातूचा थकवाच आढळला व झरोक्यांच्या कोपऱ्यांजवळची छिद्रे घातक ठरली.

म्हणून गॅसच्या ज्योतीने हवे तेथे भोक पाडण्याची प्रथा सोडली पाहिजे. अशा भोकाची कड ओबडधोबड व ठिसूळ होते आणि चिरेस आयतीच वाट मिळते. पेरणीची घाई असते, ड्रिलने भोक पाडण्यास वेळ लागतो, हे खरे. परंतु ट्रॉलीच्या ओढदांड्यावर कापसाबरोबर माणसांचाही जीव अवलंबून असतो. तेथे घाईची सबब चालत नाही.

छिद्र ड्रिलनेच पाडावे, पट्टीच्या कडेपासून दूर ठेवावे व त्याची धार कानशीने मोडावी. बोल्ट घट्ट आवळावेत. सैल बोल्ट प्रत्येक झटक्याबरोबर छिद्राच्या कडेवर आदळतो. हंगामापूर्वी अवजार धुऊन वाळवावे, छिद्राभोवती डिझेल लावावे, काही वेळाने कोरडे पुसून खडूची पूड चोळावी. चीर असल्यास आत मुरलेले डिझेल पुडीवर ओली रेघ उमटविते. चिरेवर वरवर वेल्डिंग केल्याने ती बुजलेली दिसते, पण आत कायम राहते. ओढदांड्यास चीर आढळल्यास तो बदलणेच योग्य होय.

मोडलेला तुकडाही निरखावा. जुन्या चिरेचा भाग गुळगुळीत व बहुधा गंजलेला, तर शेवटी तुटलेला भाग खरखरीत व चकचकीत दिसतो. ग्रामकार्यकर्त्यांनी असे तुकडे शेतकरी बंधूंना हाती घेऊन दाखवावेत. बियाण्याची उगवणशक्ती तपासण्याइतकेच छिद्राची कड तपासणे हे पेरणीपूर्व काम मानले गेले पाहिजे.