परमुलखाची भाषा आणि दावणीची म्हैस



गेल्या काही महिन्यांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग थोडा पालटला आहे. पूर्वी पत्रे यायची ती बियाण्याची, बँकेच्या कर्जाची, फार तर मुलीच्या स्थळाची. आता मधूनच असे एखादे पत्र येते : "मुलगा आय. टी. आय. झाला. चाकणला कारखान्यात कंत्राटावर आहे. आता म्हणतो, जपानी भाषा शिकतो. तालुक्याच्या गावी एकाने वर्ग काढला आहे. दीड लाख भरा, भाषाही शिकवतो आणि जपानला नोकरीलाही धाडतो, असे तो सांगतो. यांचे म्हणणे, दुभती म्हैस विकावी आणि कमी पडेल ते सोसायटीतून काढावे. तुम्ही काय सांगता?"

या भगिनीचे नाव-गाव छापत नाही. प्रश्न तिच्या एकटीचा नाही. ताई, म्हैस इतक्यात विकू नका, आणि मुलाची हौसही मोडू नका. का, ते जरा सविस्तर सांगतो.

नोकरीसाठी परक्याची भाषा शिकणे हे काही आजचे खूळ नव्हे. खुद्द आपली मराठी एके काळी अशीच पगारी माणसांना शिकवली जात होती. १८०० साली कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज निघाले ते ईस्ट इंडिया कंपनीत दाखल झालेल्या गोऱ्या पोरांना इकडच्या भाषा शिकवण्यासाठी. तिथे मराठी शिकवायला विल्यम कॅरी होता. वैजनाथ पंडितांना हाताशी धरून त्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले. पुढे मोल्सवर्थ नावाच्या कंपनीच्या फौजेतल्या माणसाने मराठी-इंग्रजी कोश केला, तो १८३१ साली निघाला. अजून अभ्यासक तो उघडून बसतात. कंपनीला हे का करावे लागले? रयतेकडून वसूल घ्यायचा, न्यायनिवाडा करायचा, तर रयतेची बोली यायला हवी. दुभाष्याच्या तोंडाकडे किती दिवस पाहणार?

आता पारडे फिरले आहे, इतकेच. चाकणला जर्मन मोटारींचे कारखाने आहेत, रांजणगावला कोरियन कंपनी आहे, तळेगावचा मोटारीचा कारखाना कोरियाच्या ह्युंदाईने घेतला. नाशकात बॉश कंपनी पूर्वीपासून आहे. वरचा साहेब जपानहून येतो, यंत्राचे पुस्तक जर्मनीहून येते. म्हणून कित्येक कंपन्या पाळी सुटल्यावर कारखान्यातच शिक्षक बोलावून वर्ग चालवतात. तुमचा मुलगा कारखान्यात असेल तर 'कायझेन' आणि 'गेम्बा' हे शब्द त्याच्या तोंडी आधीच बसले असतील. दोन्ही जपानी. पहिल्याचा अर्थ सुधारणा, दुसऱ्याचा प्रत्यक्ष कामाची जागा. परकी भाषा म्हणजे आपल्या तोंडाला न झेपणारी गोष्ट, ही भीती तेवढी मनातून काढा. सकाळी उठून चावी शोधणारा, घमेल्यात शेण भरणारा, पगाराची वाट पाहणारा आणि बटाट्याची भाजी खाणारा माणूस पोर्तुगीज शब्द वापरत असतो. खरीप आणि रब्बी हे शब्द अरबीतून आले, एक शरद ऋतूचा आणि दुसरा वसंताचा. आपल्या आज्यांनी ते कुठल्या वर्गात जाऊन शिकले होते?

शब्द उचलणे वेगळे आणि भाषा येणे वेगळे, हेही खरे. भाषा किती आली हे मोजायला आता मापे ठरली आहेत. कोणी "पोराला जर्मन येते" म्हणाले, तर "कोणत्या पायरीपर्यंत?" असे विचारावे. युरोपातल्या भाषांना २००१ साली सहा पायऱ्या आखून दिल्या : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. ए-१ म्हणजे नाव-गाव सांगता येणे, दुकानात मागता येणे. बी-१ म्हणजे रोजच्या व्यवहारात अडणार नाही इतपत. जर्मनीत काम करत करत कारागिरी शिकण्याच्या प्रशिक्षणाला जायचे तर सर्वसाधारणपणे बी-१ मागतात. परिचारिकेचे शिक्षण झालेल्या मुलीला तिथे पुरी मान्यता हवी असेल तर साधारण बी-२ लागते, आणि काही प्रांतांत रुग्णालयातल्या बोलण्याची वेगळी परीक्षाही घेतात. ते योग्यच म्हणायचे. रोगी "छातीत कळ येते" म्हणाला आणि नर्सला ते कळलेच नाही, तर काय उपयोग?

जपानीच्या पायऱ्या पाच, आणि त्या उलट्या मोजायच्या. एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड. ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते आणि पुणे, मुंबई दोन्हीकडे देता येते. एक खोच ध्यानात ठेवा. या परीक्षेत वाचून आणि ऐकून उत्तरे खुणा करायची असतात, बोलून दाखवायचे नसते. त्यामुळे प्रमाणपत्र हातात असून तोंड न उघडणारे उमेदवारही निघतात. वर्ग पाहायला जाल तेव्हा मुलांना बोलायला लावतात की नुसते फळ्यावरचे उतरवून घेतात, हे खिडकीतून पाहून या.

वेळ किती लागतो? "तीन महिन्यांत फाडफाड जर्मन" अशी पाटी दिसली की समजावे, बियाण्याच्या पिशवीवरच्या चित्रासारखी ही पाटी आहे. जर्मन शिकवणारी गटे संस्था, आपल्याकडे तिला मॅक्समुल्लर भवन म्हणतात, ती स्वतः सांगते की बी-१ ला पोचायला पाऊण तासाच्या ३५० ते ६५० तासिका लागतात. आता हिशेब करा. शनिवार-रविवार दोन-दोन तास गेला तर आठवड्याला पाचेक तासिका होतात. म्हणजे सव्वा वर्षापासून अडीच वर्षांपर्यंत. नोकरी सोडून रोज चार तासिका, आठवड्यात पाच दिवस बसला, तर चार ते साडेसात महिने. तोवर घरात त्याचा पगार नाही, हेही खर्चात धरा. कारखान्यातून दुसरी पाळी करून आलेल्या पोराच्या डोक्यात किती शिरणार, हा हिशेब वेगळाच.

मराठी माणसाला यात थोडी सवलतही आहे बरे का. जपानी वाक्य आपल्यासारखेच शेवटी क्रियापद घेऊन उभे राहते. 'वाताशी वा हाताके ए इकिमास.' वाताशी म्हणजे मी, हाताके म्हणजे शेत, ए म्हणजे कडे, इकिमास म्हणजे जातो. 'मी शेताकडे जातो', शब्दाला शब्द! 'कारा' म्हणजे पासून आणि 'मादे' म्हणजे पर्यंत, तेही आपल्यासारखे नावाच्या मागून येतात. इंग्रजीत आपण ठेचकाळतो ते इथे नाही. त्यांची अक्षरेही का-कि-कु-के-को अशी बाराखडीच्या चालीने लावलेली आहेत, आणि त्या मांडणीमागे संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासाचा हात आहे. छेचाळीस-छेचाळीस मूळ अक्षरांच्या दोन लिप्या महिन्याभरात येतात. घाम फुटतो तो तिसरीला. चिनी चित्राक्षरे नित्याच्या वापरासाठी म्हणून तिथल्या सरकारने २०१० साली ठरवली ती २,१३६ आहेत. सुदैवाने पहिल्या पायऱ्यांना त्यांतली थोडीच लागतात.

जर्मनमध्ये आपल्यासारखी तीन लिंगे : डेर, डी, दास, म्हणजे तो, ती, ते. इंग्रजीवाल्याला हे शिकताना रडू येते, आपल्याला निदान नवल वाटत नाही. फक्त त्यांचा सूर्य 'ती' आहे, चंद्र 'तो' आहे, आणि मुलगी चक्क 'ते'. आपणही 'ते पोर' म्हणतोच की.

आता पैशाकडे येऊ. ताई, इथे कान देऊन ऐका. भाषा शिकवणे हा एक धंदा आणि परदेशी नोकरीला माणूस धाडणे हा दुसरा. एकच माणूस दोन्ही सांगत असेल तर दोन्हीचे पैसे वेगळे मांडून मागा. भाषेची फी ही शिकवल्याची फी. ती पायरी-पायरीने भरावी. एन-५ पास झाला की एन-४ ची, असे. एकरकमी भरू नये आणि पावतीशिवाय तर मुळीच नाही. भरतीचा धंदा करणाऱ्याला मात्र १९८३ च्या परदेशगमन कायद्याने केंद्र सरकारच्या परराष्ट्र खात्याकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी झालेल्यांची यादी 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर आहे. मुलाच्या मोबाइलवर ती पाच मिनिटांत पाहून होते. त्या कायद्याखालच्या नियमांत दलालाने उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये आणि वर कर, अशी मर्यादा घातली आहे. दीड लाखातले उरलेले कशाचे, असे त्या गृहस्थांना शांतपणे विचारा. उत्तर देताना ते घड्याळाकडे पाहू लागले तर उठून या. मूळ पासपोर्ट आणि दहावी-आय. टी. आय. ची मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या कपाटात ठेवू नका.

जपानला जायची वाट खरी आहे, नाही असे नाही. त्या देशात माणसे म्हातारी झाली आणि हात कमी पडू लागले, म्हणून एप्रिल २०१९ पासून त्यांनी कुशल कामगारांसाठी खास परवाना सुरू केला. जानेवारी २०२१ मध्ये त्याबाबत भारताशी करार झाला. वृद्धांची शुश्रूषा, बांधकाम, कारखान्याची कामे आहेत, आणि शेतीसुद्धा आहे. त्यासाठी एन-४ किंवा त्याच तोडीची दुसरी भाषापरीक्षा आणि कामाची परीक्षा, दोन्ही पास व्हावे लागते. पण या परवान्याच्या पहिल्या प्रकारात एकंदर पाच वर्षे राहता येते आणि बायको-मुलांना नेता येत नाही. मुलाचे लग्न ठरवण्याच्या बेतात असाल तर ही गोष्ट मुलीच्या घरच्यांना आधी सांगा. जर्मनीचेही तसेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग प्रांताशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्याला दहा हजारांचा आकडा बोलला गेला. करार होणे वेगळे आणि आपल्या पोराच्या हातात व्हिसा पडणे वेगळे, हे शेतकऱ्याला सांगायला नको. आपण हमीभावाच्या बातम्या वाचत आलो आहोत.

कंपनीच शिकवणार असेल तर पैसा वाचतो, पण सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्या. "भाषा शिकवली, आता इतकी वर्षे नोकरी सोडायची नाही, सोडली तर इतके भरा" अशी अट असते. अट असणे गैर नाही. आकडा आणि वर्षे ठाऊक नसणे गैर.

सुरुवातीला तर पैसाही लागत नाही. जपान फाउंडेशनचे 'इरोदोरी' हे पुस्तक आवाजासकट फुकट मिळते, जपानमध्ये राहून काम करणाऱ्यांसाठीच केलेले आहे. जर्मनसाठी डॉइचे वेले या जर्मन नभोवाणीचा 'निकोस वेग' नावाचा पाठ आहे, तोही फुकट. मुलाने दोन महिने एवढे नेमाने केले तर हौस खरी की खोटी हे कळेल. मग पुण्यात विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या जुन्या ठिकाणी चौकशी करावी.

मोठ्या माणसाला भाषा येते कशी, याची एक गंमत ऐका. १८७८ च्या सुमारास अमेरिकेत प्रॉव्हिडन्स गावी बर्लिट्झ नावाच्या मास्तराने भाषेची शाळा काढली. त्याने फ्रेंच शिकवायला एक माणूस ठेवला, तर त्याला इंग्रजी अजिबात येईना. त्यातच बर्लिट्झ आजारी पडला. बरा होऊन वर्गात येतो तो काय, पोरे धडाधड फ्रेंच बोलत आहेत! त्या बिचाऱ्याने वस्तू दाखवून, हातवारे करून, नुसते फ्रेंच बोलून शिकवले होते. बर्लिट्झने तीच रीत उचलली, आणि पुढे देशोदेशी त्याच्या शाळा निघाल्या. धार काढणारा पोरगा व्याकरण वाचून धार शिकत नाही, तसेच हे. व्याकरण लागते, पण तोंड आधी सुटले पाहिजे.

यात घरच्यांना करता येण्याजोगे एक काम आहे आणि त्याला जपानी येण्याची गरज नाही. जुन्या लग्नपत्रिकांचे चौकोनी तुकडे कापा. मुलाला एका बाजूला मराठी शब्द आणि दुसऱ्या बाजूला जपानी शब्द देवनागरीत लिहायला सांगा : एकीकडे पाणी, दुसरीकडे मिझू, असे रोज दहा. दोन रिकामे डबे घ्या. तो सुट्टीला घरी आला की चुलीपुढे बसल्या-बसल्या आईने किंवा धाकट्या बहिणीने मराठी शब्द वाचावा, त्याने जपानी सांगावा. एरवी हेच फोनवरही होते. बरोबर आला तर तुकडा दुसऱ्या डब्यात, चुकला तर पहिल्यातच. आठ दिवसांनी दुसरा डबा उपडा करून पुन्हा विचारा, आणि त्यातले चुकतील ते पहिल्या डब्यात परत टाका.