इमायेंचा घास आणि माझा नियम



गेल्या आठवड्यात नणंदेचा फोन आला. भाचीला शिक्षणासाठी सहा महिने इथिओपियाला जायची संधी आली आहे आणि घरात वादळ उठलं आहे. "जायचंच तर अमेरिकेला जा, जर्मनीला जा. त्या दुष्काळी देशात काय शिकणार? आणि खाणार काय?"

22 वर्षांपूर्वी हेच शब्द मी आमच्या सांगलीच्या घरात ऐकले होते. कारळ्याच्या पिकावर माझा प्रबंध होता. आपण ज्याची चटणी करतो ते कारळं मूळचं इथिओपियाचं, तिथे त्याला 'नुग' म्हणतात. त्यासाठी मी जुलै ते डिसेंबर आदिस अबाबाला राहिले. नणंदेला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते: पोरीला जाऊ द्या.

निघताना माझ्या डोक्यातही 1984 च्या दुष्काळाचे फोटोच होते. बॅगेत कपड्यांपेक्षा मेतकूट, मुगाची डाळ आणि खाकरेच जास्त. पोचले तर धो धो पाऊस आणि कडाक्याची थंडी. शहर 2,300 मीटरहून उंच आहे हे मी वाचलं होतं, पण स्वेटर एकच घेतला होता. ज्यांच्या घरात खोली घेतली त्या बाईंना सगळे 'इमाये' म्हणत, म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागले.

पहिल्याच रविवारी त्यांनी जेवायला बोलावलं. एका मोठ्या ताटाभोवती सगळे बसलेले. इमायेंनी इंजेराच्या तुकड्यात मसूर गुंडाळला आणि तो घास माझ्या तोंडापाशी आणला. त्याला 'गुर्शा' म्हणतात. ज्याच्यावर माया त्याला आपल्या हाताने भरवायचं. मला त्यात कांदा-लसूण दिसला. मी तोंड फिरवलं, हाताने 'नको' केलं आणि खोलीत निघून आले. त्यांचा हात तसाच हवेत राहिला होता.

त्या रात्री मी नियम पाळला म्हणून समाधानी होते. आज आठवलं की लाज वाटते. नियम पाळल्याची नाही, तो कसा पाळला याची. कारण माझ्या मनात फक्त नियम नव्हता. 'यांना काय कळणार' हेही होतं.

काय कळणार? ऐका. ऑगस्टमध्ये त्यांचा पंधरा दिवसांचा उपवास सुरू झाला. उपवासाला तिथे 'त्सोम' म्हणतात. इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक दर बुधवारी आणि शुक्रवारी उपवास धरतात. त्यात मांस, अंडी तर नाहीतच, पण दूध, लोणी, तूपही नाही. कडक पाळणारे दुपारपर्यंत काही खात-पीत नाहीत. ईस्टरच्या आधी तर सलग 55 दिवस. सगळं मोजलं तर वर्षाचे 180 हून जास्त दिवस! आपल्या अष्टमी-चतुर्दशी आणि दशलक्षण मिळून किती होतात, ते तुम्हीच मोजा.

मग मी इमायेंच्या मुलीला मध्ये घेऊन सांगितलं, "माझाही त्सोम आहे, पण रोजचा. कंदमुळं नाहीत, आणि सूर्य मावळल्यावर जेवण नाही." त्सोम हा शब्द ऐकला आणि इमायेंचा चेहराच बदलला. इतके दिवस त्यांना वाटत होतं, या मुलीला आमच्या हातचं चालत नाही, आमची किळस येते.

पुढचं सगळं त्यांनीच ठरवलं. 'शिरो' म्हणजे जवळजवळ आपलं पिठलंच. पण बाजारच्या तयार पिठातच लसूण असतो. त्यांनी माझ्यासाठी नुसते हरभरे भाजून वेगळे दळून आणले आणि एक छोटं भांडं बाजूला ठेवलं. इंजेराचं पीठ दोन-तीन दिवस आंबवतात, म्हणून मी गव्हाच्या पोळ्या करायचे. माझी पोळी, त्यांचा शिरो, आणि त्याचाच गुर्शा! वेळेचाही प्रश्न उरला नाही. तिथलं घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. "बारा वाजायच्या आत हिचं पान वाढा," असं त्या ओरडून सांगायच्या, म्हणजे आपल्या संध्याकाळी सहाच्या आत.

सगळं गोड होतं असं नाही. त्यांचं नवं वर्ष 11 सप्टेंबरला लागतं. आदल्या दिवशी अंगणात मेंढी बांधलेली पाहिली आणि मी दिवसभर मैत्रिणीकडे जाऊन बसले. त्यांचा उपवास आणि आपला उपवास एक नाही. त्यांचा संयम काही दिवसांचा असतो, मग मांस शिजतं. मी ते चांगलं म्हणणार नाही. पण जी बाई वर्षाचा निम्मा काळ जिभेला आवरते, तिच्याकडून शिकण्यासारखं काहीच नाही, असंही आता मी म्हणणार नाही. आपण अनेकांतवाद व्याख्यानात ऐकतो. तो मला कळला त्या स्वयंपाकघरात.

अनंत चतुर्दशीला मी निर्जळी उपवास केला. मंदिर नाही, सोबत नाही, नुसती भिंतीला टेकून जपमाळ. इमाये दर तासाला दार उघडून बघून जात होत्या. दुसऱ्या दिवशी पारण्याचं पाणी त्यांनीच गाळून दिलं, मी शिकवलं होतं तसं दुहेरी फडक्यातून. क्षमावाणीला मी त्यांच्यासमोर हात जोडले आणि त्या पहिल्या घासाची क्षमा मागितली. त्यांनी दोन्ही गालांना गाल लावले आणि कॉफीच्या बिया भाजायला घेतल्या. तिथे कॉफी तीन वेळा ओततात. तिसरा पेला आशीर्वादाचा. त्या दिवशी मी तिन्ही प्याले.

तेव्हा मुलींना पाठवा, आणि फक्त श्रीमंत देशांतच नको. तिथे आपण नोकरी शोधायला जातो, इथे माणसं बघायला शिकतो. बरोबर खाकरे द्याच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपला नियम दुसऱ्याला प्रेमाने समजावून सांगायला शिकवा, आणि त्यांचा नियम काय आहे ते आधी विचारायला.

नणंदेने फोन ठेवताना एवढंच विचारलं, "पिठलं मिळतं ना तिथे?"

मिळतं हो. फक्त 'कांदा-लसूण नको' हे हसून सांगायचं.