वेल्समधील ओस चॅपले कोणाच्या कामी येणार?

वेल्सच्या उत्तर-पश्चिम किनाऱ्यावरील अनेक गावांत एकाच रस्त्यावर दोन प्रकारच्या बंद वास्तू आढळतात. पहिली म्हणजे चॅपल. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी खाणकामगार, शेतकरी आणि खलाशी यांनी वर्गणी काढून बांधलेले आणि आता उपासकांअभावी कुलूप लागलेले हे प्रार्थनामंदिर. दुसरी वास्तू म्हणजे सुट्टीचे घर. त्याचा मालक शहरात राहतो आणि वर्षातील मोजकेच आठवडे तेथे येतो. या दोहोंच्या मधोमध गावात जन्मलेली, गावातच नोकरी करणारी, परंतु गावात घर घेणे न परवडणारी तरुण पिढी उभी आहे. ओस पडलेल्या चॅपलांचे रूपांतर स्थानिकांसाठीच्या सदनिकांमध्ये करावे, ही मागणी या परिस्थितीतून पुढे आली आहे.

मागणी साधी व न्याय्य वाटते. प्रत्यक्षात मात्र तिच्या मार्गात कायदा, पैसा, स्थापत्य आणि भावना असे चारही अडथळे आहेत. त्यांतील कायद्याचा अडथळा सर्वांत कमी चर्चिला गेला असून तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

चॅपलांचा देश

अँग्लिकन चर्चपासून वेगळ्या झालेल्या प्रोटेस्टंट पंथांनी एकोणिसाव्या शतकात वेल्सचे सामाजिक जीवन घडविले. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, इंडिपेंडंट अशा विविध पंथांनी गावोगावी आपापली चॅपले उभारली. वेल्समधील प्राचीन व ऐतिहासिक स्मारकांविषयीच्या शाही आयोगाने अशा सहा हजारांहून अधिक चॅपलांची नोंद केली आहे. एकाच खेड्यात तीन-तीन, चार-चार चॅपले असणे हे त्या काळी नवलाचे नव्हते.

या वास्तू केवळ उपासनेसाठी नव्हत्या. तेथील रविवारच्या शाळांत मुलांबरोबर प्रौढही वेल्श भाषेत वाचायला शिकले. गायनवृंद, वक्तृत्वसभा, काव्यस्पर्धा आणि राजकीय चर्चा यांचेही केंद्र चॅपलच होते. ब्रिटनचे पंतप्रधान झालेले डेव्हिड लॉइड जॉर्ज याच वातावरणात वाढले. त्यांचे संगोपन करणारे मामा व्यवसायाने चर्मकार, तर रविवारी धर्मोपदेशक होते. शाळा आणि सरकारी कामकाज इंग्रजीत चालत असताना वेल्श भाषेला प्रतिष्ठेचे स्थान मिळाले ते चॅपलमध्ये.

या चॅपलांचा भारताशीही निकटचा संबंध आहे. वेल्श कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्ट पंथाचे मिशनरी टॉमस जोन्स 1841 मध्ये खासी टेकड्यांतील चेरापुंजी येथे पोहोचले आणि त्यांनी खासी भाषेला रोमन लिपीत लेखी रूप दिले. पुढे हे कार्य मिझो टेकड्यांतही पसरले. शिलाँगमधील शाळा व रुग्णालय उभारण्यासाठी लागलेला पैसा वेल्समधील चॅपलांत जमणाऱ्या वर्गणीतून येत असे. 1969 मध्ये वेल्श मिशनचे भारतातील कार्य संपुष्टात आले. आज मेघालय आणि मिझोराममधील प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये रविवारी बसायला जागा पुरत नाही, तर ज्या मातृसंस्थेने त्यांची पायाभरणी केली तिच्या वास्तू विक्रीस निघत आहेत. मिझोराममधून वेल्समध्ये धर्मोपदेशक पाठविण्याची वेळ एकविसाव्या शतकात आली, यावरून काळाची उलटलेली दिशा ध्यानात येते.

आकड्यांची साक्ष

2011 च्या जनगणनेत वेल्समधील 57.6 टक्के लोकांनी आपला धर्म ख्रिस्ती असल्याचे नोंदविले होते. 2021 मध्ये हे प्रमाण 43.6 टक्क्यांवर आले, तर कोणताही धर्म न मानणाऱ्यांचे प्रमाण 46.5 टक्के झाले. वेल्श बोलणाऱ्यांची संख्याही याच दहा वर्षांत सुमारे 5 लाख 62 हजारांवरून 5 लाख 38 हजारांवर घसरली. लोकसंख्येत निम्म्याहून अधिक वेल्शभाषक असलेले ग्विनेद आणि अँगल्सी हे दोनच जिल्हे आता उरले आहेत. समुद्र आणि डोंगर यांच्या सान्निध्यामुळे सुट्टीच्या घरांना मोठी मागणी आहे, ती नेमकी याच भागात.

गावातील तरुण कुटुंब घर न मिळाल्याने बाहेर पडले की शाळेतील पट कमी होतो. पट कमी झाला की शाळा बंद होते. सुट्टीच्या घरांसाठी प्रसिद्ध असलेल्या अबरसोख गावातील वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा डिसेंबर 2021 मध्ये बंद झाली. त्यामुळे तेथे घरांचा प्रश्न हा भाषेच्या अस्तित्वाचा प्रश्न मानला जातो. या असंतोषाने पूर्वी हिंसक रूपही घेतले होते. 1979 पासून सुमारे दशकभर चाललेल्या जाळपोळीच्या मोहिमेत दोनशेहून अधिक मालमत्तांना लक्ष्य करण्यात आले. आजची आंदोलने शांततेच्या मार्गाने चालतात. त्यांचा रोख मात्र तोच आहे. लीन द्वीपकल्पातील पिस्टिल येथील जुने चॅपल 2021 मध्ये विक्रीस निघाले, तेव्हा ते आणखी एक सुट्टीचे घर होऊ नये यासाठी स्थानिक लोक रस्त्यावर उतरले होते.

सर्वोत्तम किमतीचे बंधन

चॅपल ज्यांनी बांधले त्यांच्याच वंशजांना ते घरासाठी का मिळू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. याचे उत्तर धर्मादाय कायद्यात दडलेले आहे. बहुतेक चॅपले विश्वस्त संस्थांच्या मालकीची असतात. इंग्लंड व वेल्सला लागू असलेल्या 2011 च्या धर्मादाय संस्था कायद्यानुसार, मालमत्ता विकण्यापूर्वी विश्वस्तांनी पात्र सल्लागाराचा लेखी अहवाल घेणे आणि वाजवीपणे मिळू शकतील अशा सर्वोत्तम अटींवर विक्री होत असल्याची खात्री करणे आवश्यक आहे.

या तरतुदीमागील हेतू चांगला आहे. दानातून उभ्या राहिलेल्या मालमत्ता आप्तेष्टांच्या घशात कवडीमोलाने जाऊ नयेत, हा तो हेतू. परंतु समुद्राकाठच्या गावात तिचा परिणाम उलटा होतो. समुद्रदर्शनी सुट्टीचे घर बांधू इच्छिणारा खरेदीदार जी रक्कम देऊ शकतो, ती स्थानिकांना माफक भाड्याने घरे देऊ पाहणारी संस्था देऊ शकत नाही. कमी किमतीची बोली स्वीकारल्यास विश्वस्तांवर कर्तव्यच्युतीचा ठपका येऊ शकतो. त्यामुळे मनात असूनही ते बाजारभावाकडे झुकतात.

यातून मार्ग अगदीच नाही असे नव्हे. विक्री दुसऱ्या धर्मादाय संस्थेला होत असेल आणि ती विकणाऱ्या संस्थेच्या मूळ उद्दिष्टांना पोषक असेल, तर कमी किमतीची मुभा मिळू शकते. गरजूंना निवारा देणे हा धर्मकार्याचाच भाग आहे, असा युक्तिवाद येथे निर्णायक ठरतो. चर्च ऑफ इंग्लंडच्या दोन आर्चबिशपांनी नेमलेल्या गृहनिर्माण आयोगाने फेब्रुवारी 2021 मधील आपल्या अहवालात हीच दिशा दाखविली. चर्चच्या जमिनी व इमारती केवळ उत्पन्नाचे साधन न मानता समाजाच्या गरजेसाठी वापराव्यात, असे त्याचे सार होते. वेल्समध्ये ‘हाउसिंग जस्टिस कम्री’ ही संस्था विनावापर धर्मस्थळे आणि गृहनिर्माण संस्था यांची सांगड घालून देण्याचे काम करते. तथापि, कायदा मुभा देतो, आग्रह धरत नाही. निर्णय अखेर प्रत्येक विश्वस्त मंडळाच्या धैर्यावर सोडलेला आहे.

शेजारच्या प्रदेशांशी तुलना केल्यास वेल्सची उणीव अधिक स्पष्ट होते. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने स्थानिक समुदायाला नोंदणी केलेली मालमत्ता विक्रीस निघाल्यास ती प्रथम खरेदी करण्याचा हक्क दिला. इंग्लंडमध्ये 2011 च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने, सामुदायिक मूल्याची म्हणून नोंदलेली वास्तू विक्रीस निघाल्यावर गावकऱ्यांना पैसा उभारण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. वेल्समध्ये मात्र ही तरतूद अमलात आणली गेली नाही. एखाद्या छोट्या गावाला काही लाख पौंड जमविण्यासाठी वेळ हवा असतो आणि बाजार नेमका तोच देत नाही.

दगडी भिंतींच्या आतील गणित

वास्तू हाती आली तरी काम संपत नाही. चॅपल म्हणजे एक मोठे, उंच छताचे सभागृह. त्यात मजले घालताना भल्यामोठ्या खिडक्या मध्येच छेदल्या जातात. भिंती जाड दगडी असल्या तरी त्यांतून उष्णता निसटते आणि ओल झिरपते. वास्तू संरक्षित यादीत असेल तर सज्जा, व्यासपीठ, लाकडी बाके यांना हात लावण्यासाठी परवानगी लागते. छपरात वटवाघळांचे वास्तव्य असल्यास वन्यजीव कायदा आड येतो. आवारात दफनभूमी असेल तर 1884 च्या कायद्याने तेथील बांधकामावर कडक निर्बंध आहेत. आपल्या आजोबांच्या थडग्याशेजारी मोटारी उभ्या राहाव्यात, हे कुणालाही रुचणारे नाही.

करव्यवस्थेचा एक तपशील येथे उल्लेखनीय आहे. ब्रिटनमध्ये नव्या घराच्या बांधकामावर मूल्यवर्धित कर शून्य आहे, तर जुन्या घराच्या सर्वसाधारण दुरुस्तीवर तो 20 टक्के आहे. निवासी नसलेल्या इमारतीचे घरांत रूपांतर करताना तो 5 टक्के लागतो. मात्र हेच काम नोंदणीकृत गृहनिर्माण संस्थेने करविले तर कर शून्यावर येतो. म्हणजे चॅपलचे घर करताना कायदा सामाजिक संस्थेला खासगी विकासकापेक्षा थोडी सवलत देतो. वेल्स सरकारच्या अनुदानाची जोड मिळाल्यास हिशेब जुळण्याची शक्यता वाढते.

‘स्थानिक’ कोण?

यानंतरचा प्रश्न व्याख्येचा आहे. सदनिका स्थानिकांसाठीच राहाव्यात म्हणून नियोजन कायद्याखालील कराराने अटी घातल्या जातात. गावात काही वर्षे वास्तव्य, तेथे नोकरी किंवा जवळचे नातेवाईक असणे अशा स्वरूपाच्या त्या असतात. परंतु अशा अटी असलेल्या घरावर कर्ज देण्यास अनेक बँका नाखूश असतात. त्यामुळे विक्रीपेक्षा भाड्याची घरे हा अधिक टिकाऊ मार्ग ठरतो. जानेवारी 2019 मध्ये वेल्सने सामाजिक घरे भाडेकरूंना सवलतीत विकत घेण्याचा हक्क रद्द केला. त्यामुळे आज स्थानिकांसाठी उभारलेली सदनिका उद्या सुट्टीचे घर होण्याचा धोका बराच कमी झाला आहे.

सुट्टीच्या घरांना आळा घालण्याचे इतर उपायही चालू आहेत. एप्रिल 2023 पासून वेल्समधील परिषदांना अशा घरांवर 300 टक्क्यांपर्यंत अतिरिक्त कर लावता येतो. ग्विनेदने त्याच वर्षी हा दर 150 टक्के केला. ऑक्टोबर 2022 मध्ये मुख्य निवासस्थान, दुय्यम घर आणि अल्पकालीन भाड्याचे घर असे तीन वेगळे नियोजन-वर्ग करण्यात आले. त्यांच्या आधारे ग्विनेदने सप्टेंबर 2024 पासून वापरबदलासाठी परवानगी सक्तीची करण्याचे पाऊल उचलले आणि ते न्यायालयीन वादातही सापडले. पर्यटनावर पोट असलेल्यांचा या उपायांना विरोध आहे आणि तो निराधार म्हणता येणार नाही.

निर्बंधांच्या मर्यादा इंग्लंडमधील कॉर्नवॉलने दाखवून दिल्या आहेत. सेंट आइव्ह्ज येथील मतदारांनी 2016 मध्ये नव्या घरांचा वापर दुय्यम घर म्हणून करण्यावर बंदी घालण्याच्या बाजूने मोठ्या बहुमताने कौल दिला. त्यानंतर सुट्टीच्या घरांची मागणी जुन्या घरांकडे वळल्याचे आढळले. म्हणजे बंदीने मागणी नाहीशी झाली नाही, तिने फक्त वाट बदलली. निर्बंधांसोबत स्थानिकांसाठी घरांचा प्रत्यक्ष पुरवठाही वाढवावा लागतो, हा त्यातील धडा आहे.

एका चॅपलमधून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच सदनिका निघतात आणि त्याही बहुधा लहान. मुलेबाळे असलेल्या कुटुंबांची गरज त्यातून पूर्ण भागणार नाही. तरीही पन्नास-साठ घरांच्या खेड्यात चार तरुण जोडपी टिकून राहिली तर शाळेचा एक वर्ग वाचतो, हे विसरता येणार नाही. शिवाय या वास्तू गावाच्या मध्यभागी उभ्या आहेत. त्यासाठी शेतजमीन घ्यावी लागत नाही.

चॅपल बंद होणे आता कुणाला थांबविता येईल असे दिसत नाही. त्याच्या विक्रीचे नियम बदलणे मात्र कार्डिफ आणि लंडन येथील कायदेमंडळांच्या हाती आहे. समुदायाला पुरेशी मुदत देणे आणि ‘सर्वोत्तम अटी’ या शब्दांत सामाजिक हिताला स्पष्ट स्थान देणे, एवढे दोन बदल झाले तरी विश्वस्तांचा पेच पुष्कळ अंशी सुटेल. त्यांना विलंब झाला, तर दर महिन्याला आणखी काही चॅपलांवर विक्रीच्या पाट्या लागतील आणि खरेदीदार कोण असेल, हे बोलीच्या रकमेवरून ठरत राहील.