सारथ्याचें काम

गेल्या कार्तिकांत आमच्या पुतण्यानें व त्याच्या मित्रमंडळीनें पुण्याहून पणजीस सायकलींवरून जाण्याचा बेत केला. मजल सुमारें साडेचारशें कि.मी.ची, स्वार अकरा. त्यांच्यामागून सामानाची मोटार कोणीं न्यावयाची हा प्रश्न निघाला, तेव्हां निवृत्त माणसास वेळ असतो हें सर्वमान्य तत्त्व आमच्यावर लागू करण्यांत आलें. घरच्या मंडळींनीं "आधीं चष्म्याचा नंबर तपासून या" एवढीच अट घातली, आणि आम्ही चार दिवसांचे सारथी झालों.

यांत सांगण्यासारखें काय, असें वाचकांस वाटेल. आम्हांसहि तसेंच वाटलें होतें. मोटारीचीं मागचीं आसनें पाडून तेथें दोन पंप, निरनिराळ्या मापांच्या ट्यूबा, जादा टायर, चेनचें तेल, ब्रेकचे पॅड, औषधांची पेटी, पाण्याचे कॅन, केळीं, खजूर, चिक्की, लिंबें, मीठ, गूळ असा संसार भरला आणि पहाटे निघालों. शेवटच्या स्वाराच्या पाठीस चिकटून राहणें हीच खरी राखण, अशी आमची समजूत. जुना कात्रजचा घाट उतरून महामार्गास लागल्यावर सायकलीच्या वेगानें आम्ही सरपटूं लागलों. आणि मागून येणारे ट्रक आम्हांस चुकविण्यासाठीं ऐन वेळीं वळून नेमके पुढच्या सायकलींच्या अंगावर जाऊं लागले. राखणदारच संकट झाला! खेड शिवापुरास पुतण्यानें थांबवून शिकविलें, "काका, दहा-बारा किलोमीटर पुढें जा, रस्त्याबाहेर सावलींत उभे राहा, अकरा डोकीं मोजा, मग पुन्हां पुढें." शाळेंत इतकीं वर्षें हजेरी घेतल्याचा असा उपयोग होईल असें वाटलें नव्हतें.

रात्रीं मात्र न्याय उलटा. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारें ४८०० कि.मी.ची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' होते, तींत रात्रीं मोटारीनें स्वाराच्या पाठीशींच राहून आपल्या दिव्यांचा उजेड त्याच्या वाटेवर पाडावा असा नियम आहे. नाशिकच्या डॉ. महेंद्र व डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं दोघांच्या संघानें ती पुरी केली. उलट, पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची १२०० कि.मी.ची फेरी ९० तासांत करावयाची असते, तिच्यांत नेमलेल्या ठाण्यांखेरीज वाटेंत अशी मदत घेतांच येत नाहीं. म्हणजे जवळ असणें व दूर असणें, दोन्ही मदतच.

अंतर साधलें, पण तोंड आवरेना. खंबाटकीच्या चढावर जो स्वार धापा टाकीत येई त्याला आम्ही मोठ्या कळवळ्यानें "बसतां का गाडींत?" असें विचारीत होतों. दुपारीं आमची नात (पुतण्याची मुलगी) पाण्याची बाटली भरतां भरतां हळूच म्हणाली, "आजोबा, तुम्ही विचारलंत की पाय लगेच ऐकतात हो. विचारूं नका ना." आम्ही वरमलों. कर्णाच्या रथावर बसून शल्यानें त्याचा तेजोवध केला, हें आम्हीं कित्येक वर्गांना शिकविलें आहे. शल्य तें धर्मराजाच्या सांगण्यावरून, जाणूनबुजून करीत होता. आम्ही मायेनें करीत होतों, एवढाच फरक. त्यानंतर आम्ही "पाणी?" एवढेंच विचारूं लागलों.

तिसरा दिवस कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली असा, आणि त्या दिवशीं एकादशी. स्वारांत आमचे एक बँकेंतले स्नेही होते, पन्नाशी ओलांडलेले. त्यांनीं उपास धरला होता आणि कोणास सांगितलें नव्हतें. पाण्याशिवाय पोटांत कांहीं नाहीं. प्रत्येक थांब्यावर ते "माझं झालं" म्हणत व आम्ही खरें मानीत होतों. चूक आमची. डोकीं मोजलीं, केळीं मोजलीं नाहींत.

गवसें ओलांडल्यावर ते सर्वांच्या मागून, नागमोडी वळत आले. उतरले तों सायकल हातांत धरवेना. कपाळावर गार घाम. "आंबोली किती?" म्हणून विचारलें, आम्हीं सांगितलें, त्यांनीं पुन्हां तेंच विचारलें. स्नायूंत व यकृतांत सांठलेली साखर कांहीं तासांच्या श्रमांनीं सरते; रक्तांतली उतरली म्हणजे हात कांपतात आणि बुद्धीहि चळते. जो भागला आहे त्यालाच तें कळत नाहीं. ते "नको, नको" म्हणत असतां आम्हीं त्यांची सायकल मोटारीमागें अडकवली, त्यांना आंत बसविलें, गूळपाणी पाजलें, खजूर व केळीं दिलीं. फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतींत १९१० पासून मागें पडलेल्यांना वेंचून घेणारी एक गाडी असते. तिला तिकडे केरसुणीची गाडी म्हणतात. त्या नांवांतला डंख त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

आंबोलीस पोंचेपर्यंत त्यांना चांगली हुशारी आली. सूर्य कलला होता. ते म्हणाले, "मास्तर, जिथून उचललंत तिथं मला परत नेऊन सोडा. उरलेलं मी पुरं करतों."

आम्हीं नाहीं म्हटलें. अंधार पडेल, रान आहे, बाकीचीं माणसें कोरड्या कपड्यांसाठीं सामानाची वाट पाहत आहेत. शिवाय वनपर्वांतली गोष्ट सांगितली: शाल्वाशीं लढतांना प्रद्युम्न मूर्च्छित पडला, तेव्हां दारुकाच्या मुलानें त्याचा रथ रणांतून बाहेर काढला, आणि शुद्धीवर येऊन प्रद्युम्न रागावला तेव्हां, अशा वेळीं रथ्याला राखणें हा सारथ्याचा धर्म, असें उत्तर दिलें.

"पुढची गोष्ट?" ते म्हणाले. "त्या सारथ्यानं रथ परत रणांत नेला होता."

आम्ही निरुत्तर झालों. परंतु मोटार वळविली नाहीं. चौथ्या दिवशीं ते घाट उतरून सावंतवाडी, बांदें करीत पणजीपर्यंत उत्तम आले. आमच्याशीं बोलले नाहींत. मांडवीच्या काठीं घेतलेल्या छायाचित्रांत ते अगदीं कडेला आहेत. बिछान्यावर पडल्यावर आमच्या मनांत येई, रात्रीं दिवे लावून पाठीशीं राहण्याचा तो नियम आम्हांस ठाऊक होता की! एकवार उजेड धरून त्यांच्यामागें गेलों असतों तर? आणि पुन्हां ते कांपते हात आठवत.

माघांत एका संध्याकाळीं ते घरीं आले. चहा झाल्यावर सहज म्हणाले, "संक्रांतीनंतरच्या रविवारीं गवशाला जाऊन आलों. सायकल एस.टी.च्या टपावर टाकली होती. तिथून आंबोलीपर्यंत गेलों."

"एकटेच?"

"एकटाच."

काय खाल्लें होतें, तें आम्हीं विचारलें. ते हंसले, आणि खिशांतून उरलेली चिक्की काढून त्यांनीं मेजावर ठेविली.