टॉनिकचा डबा आणि दुखणाईत लिव्हर

पिकावर मारायच्या टॉनिकबद्दल आपण नेहमी बोलतो. आज माणसाच्या टॉनिकबद्दल लिहितो. मी शेतकी पदविकेचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण गावोगाव फिरताना हल्ली घराघरांत फळीवर एक मोठा डबा दिसतो. प्रोटीनची पावडर, मल्टिव्हिटॅमिन, गुळवेलीच्या गोळ्या, अश्वगंधाच्या कॅप्सूल, नाहीतर चक्क 'लिव्हर टॉनिक'. धडधाकट माणसाचे बहुतेक वेळा पैसे जातात, एवढंच. ज्याचं लिव्हर आधीच बिघडलंय, त्याच्या मात्र जिवावर बेतू शकतं.

असे रुग्ण थोडे नाहीत. दारूमुळे लिव्हर जातं हे सर्वांना माहीत आहे. पण हिपॅटायटिस बी आणि सी, शिवाय मधुमेह व वाढत्या वजनातून येणारी लिव्हरवरची चरबी, यांनीही तेच होतं. दारूला कधी न शिवलेल्या माळकऱ्यालाही सिरॉसिस होतो. आणि लिव्हर लवकर ओरडत नाही. डाळिंबाचं मूळ कुजत असतं तरी वरून झाड हिरवं दिसतं, तसंच. थकवा येतो, भूक मरते, वजन उतरतं. मग घरचे म्हणतात, अशक्तपणा आलाय, ताकदीचं काहीतरी आणा. पण कुजक्या मुळाला आपण खताचा जादा डोस देतो का?

आपण जे पोटात घेतो त्यातलं बरंचसं निवडायचं, मोडायचं, साठवायचं काम लिव्हरचं. 'झाडपाल्याचं आहे, त्याचा काय अपाय?' हे वाक्य मी रोज ऐकतो. धोतराही झाडपालाच आहे की! कोरोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघरी उकळत होता. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वाद झाला. पण त्यानंतर देशातल्या इतर रुग्णालयांतूनही तसेच रुग्ण नोंदले गेले. अश्वगंधा आणि ग्रीन टीचा अर्क यांनीही काहींच्या लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. असं सर्वांना होत नाही, हे खरं. पण ज्याच्याजवळ शिलकीत थोडंच लिव्हर उरलंय, त्याने हा जुगार का खेळावा?

हळदीचंच घ्या. आमटीतली चिमूटभर हळद वेगळी आणि तिचा काढलेला अर्क मिरीच्या अर्कासह कॅप्सूलमध्ये भरलेला वेगळा. मिरीमुळे तो रक्तात कितीतरी जास्त शोषला जातो. अशा कॅप्सूलनंतर कावीळ झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणून काही कुणी आमटीतली हळद बंद करू नये.

लोह आणि 'अ' जीवनसत्त्व शरीर लिव्हरमध्ये साठवून ठेवतं. गरज नसताना ओतत राहिलं तर तिथेच त्रास होतो. पोटात पाणी झालेल्या रुग्णाला डॉक्टर मीठ मोजून खायला सांगतात, आणि इकडे पाण्यात फसफसणाऱ्या गोळीतून सोडियम पोटात जातच असतं. आसवं-अरिष्टं आंबवून करतात, त्यांत मद्यार्क असतो. दारू सोडलेल्या माणसाला हे कुणी सांगितलेलं नसतं. अंगदुखीवरच्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्याही सिरॉसिसमध्ये दुकानदाराला विचारून घेऊ नयेत. किडनी जाते, रक्तस्राव होतो.

मग सगळंच वाईट का? तसं नाही. रक्त तपासून 'ड' जीवनसत्त्व, झिंक कमी निघालं तर डॉक्टर स्वतः देतात. दारूने लिव्हर बिघडलेल्यांना बी-१ देतात. तपासणी, मात्रा आणि मुदत ठरलेली असते. माती परीक्षणाशिवाय खत टाकू नका असं आम्ही सांगतो, त्यातलाच हा प्रकार.

ताकद यायची ती जेवणातून. लिव्हरच्या रुग्णाने डाळ, अंडं बंद करावं हा सल्ला जुना झाला. सिरॉसिसमध्ये अंगावरचं मांस झडतं, म्हणून आता वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं सांगतात. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. उपाशीपोटी रात्र काढू नये, झोपण्यापूर्वी थोडं खावं. मात्र आहार आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि हे माझ्या खात्यातलं: ओले राहिलेले, काळे पडलेले, बुरशीचे शेंगदाणे घरच्या लाडवात घालू नका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन भाजून पूर्ण जात नाही. हिपॅटायटिस बी असलेल्याला त्याने लिव्हरच्या कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी वाढतो. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमाभागात बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं लिव्हर निकामी होऊन दगावली होती.

खरी अडचण विकणाऱ्याची आहे. डबा आणणारा बहुधा मेव्हणा नाहीतर गुरुजी असतो, त्याला नाही कसं म्हणायचं? कृषी प्रदर्शनात ठिबकच्या शेजारी हे स्टॉल लागतात आणि 'लिव्हर साफ करतो' असं माइकवरून सांगितलं जातं. कीटकनाशकाच्या डब्यावर निदान लाल-पिवळा त्रिकोण तरी असतो, आत मराठीत उतारा लिहिलेलं पत्रक असतं. या डब्यावर बारीक इंग्रजीत 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' छापलेलं असतं, ते वाचतो कोण? माझं मत स्पष्ट आहे. आयोजकांनी असे स्टॉल घेऊ नयेत. घ्यायचेच असतील तर 'लिव्हर-किडनीच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये' असा मराठी फलक ठळक लावायला लावावा.

तुमच्या घरात असा रुग्ण असेल तर पुढच्या तपासणीला जाताना डबे, बाटल्या, पुड्या, वैदूने दिलेलं चूर्णसुद्धा एका पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर मांडा. लाजू नका. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली तर ही बाहेरची चूर्णं-गोळ्या त्याच दिवशी थांबवून दवाखाना गाठा. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, दिवसा झोप नि रात्री जाग, बोलण्यात गोंधळ, यांपैकी काही दिसलं तर सकाळची एस. टी. धरायची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.