हलका मसाला, जड हिशोब

ग्रुपमधल्या कुणाचा तरी एकविसावा वाढदिवस. ठिकाण ठरतं मायक्रोब्रुअरी. वेटर एका लाकडी पट्टीवर चार-पाच छोटे ग्लास मांडून जातो. त्यातल्या एकात फिकट सोनेरी, जराशी धूसर बिअर. मेन्यूत नाव 'स्पाइस्ड व्हीट लागर'. बर्थडे बॉय एक घोट घेतो आणि म्हणतो, "अरे, ही तर कडूच नाहीये!"

हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. गेल्या दहा वर्षांत आपल्याकडे क्राफ्ट बिअरचा जो काही बोलबाला झाला, तो बराचसा याच वाक्यावर उभा आहे. म्हणून आधी ग्लासात काय आहे ते बघू, मग ग्लासाबाहेर काय चाललंय ते.

चव घेण्याआधी वास घ्यायचा. पहिल्यांदा येतो संत्र्याच्या सालीचा वास. त्याच्या मागून येतो तो मात्र एकदम ओळखीचा. धणे! हो, तेच, आपल्या गोड्या मसाल्यातले. गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालायची पद्धत बेल्जियमची. गव्हातल्या प्रथिनांमुळे फेस दाट येतो, रंग धूसर होतो आणि घोट जिभेला मऊ लागतो. कडूपणा येतो हॉप्समुळे, आणि ते इथे बेताने घालतात.

आता 'लागर' या शब्दाकडे या. गव्हाच्या बहुतेक नावाजलेल्या बिअर 'एल' प्रकारातल्या, म्हणजे जरा उबदार तापमानाला आंबवलेल्या. जर्मन पद्धतीच्या व्हीट बिअरला केळं आणि लवंगेचा वास येतो. त्यात ना केळं असतं ना लवंग. ती सगळी करामत यीस्टची. लागरचं यीस्ट थंडीत, सावकाश काम करतं आणि नंतर बिअर काही आठवडे थंडच ठेवतात. 'लागर्न' या जर्मन शब्दाचा अर्थच साठवणं. असं यीस्ट स्वतःचा वास फारसा सोडत नाही. त्यामुळे व्हीट लागरमध्ये मसाल्याला लपायला जागा नसते. धणे जास्त पडले की चव साबणाकडे झुकते, कमी पडले की मेन्यूतलं 'स्पाइस्ड' फक्त मेन्यूतच राहतं. चांगल्या ग्लासात धणे हळूच येतात आणि घोट संपल्यावर जातात. एवढं कळलं तरी तुम्ही नुसतं 'पिण्या'च्या पुढे गेलात.

या धण्यांच्या बिअरची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. बेल्जियममधल्या हूगार्डन गावात ही बिअर पिढ्यान्‌पिढ्या बनायची. १९५७ मध्ये तिथली शेवटची ब्रुअरी बंद पडली. पिएर सेलिस नावाच्या गावातल्या दूधवाल्याने १९६६ मध्ये ती पुन्हा बनवायला सुरुवात केली. धंदा वाढला. मग १९८५ मध्ये ब्रुअरीला आग लागली. पुन्हा उभं राहायला पैसा लागला, तो मोठ्या कंपनीकडून आला आणि हळूहळू ब्रँडही तिच्याकडे गेला. आज तो जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कंपनीच्या मालकीचा आहे. सेलिस शेवटी अमेरिकेत गेला आणि तिथे नव्याने बिअर बनवू लागला. चव टिकली, पण ती वाचवणाऱ्याच्या हातात धंदा टिकला नाही.

आपल्याकडे गेल्या काही वर्षांत साधारण असंच काहीतरी घडतंय. कडक, 'स्ट्राँग' बिअरचं राज्य असलेल्या बाजारात २०१५ मध्ये 'बिरा ९१' आली. बाटलीवर माकड, नावात भारताचा फोन कोड, आणि आत गव्हाची, कमी कडू, संत्र्या-लिंबाची झाक असलेली बिअर. सुरुवातीला ती बेल्जियममध्येच बनवून आणत. पोरांना ती आवडली. व्हीट बिअर नावाचा काही प्रकार असतो, हे अनेकांना याच बाटलीने शिकवलं.

मग काय बिनसलं? शेअर बाजारात उतरायच्या तयारीत असलेल्या कंपनीने आपल्या नावातला 'प्रायव्हेट' शब्द काढला. बी९ बेव्हरेजेस प्रायव्हेट लिमिटेडची झाली बी९ बेव्हरेजेस लिमिटेड. मालक तेच, बिअर तीच. पण कंपनीच्या म्हणण्यानुसार, नाव बदलल्यामुळे राज्याराज्यांत लेबलांची नव्याने नोंदणी करावी लागली, चार ते सहा महिने विक्री ठप्प झाली आणि जुन्या नावाचा सुमारे ८० कोटींचा माल वाया गेला. २०२३-२४ या वर्षात विक्री होती ६३८ कोटींची आणि तोटा ७४८ कोटींचा. तोटा त्याआधीही होताच, त्यामुळे सगळं खापर एका शब्दावर फोडता येणार नाही. पण आधीच वाकलेल्या गाडीवर हे ओझं पडलं. २०२५ मध्ये अडीचशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी थकलेल्या पगाराची तक्रार करत संस्थापकालाच हटवण्याची मागणी केली.

एका शब्दाने एवढं का व्हावं? कारण भारतात दारू हा राज्यांचा विषय आहे. पिण्याच्या दारूवर जीएसटी नाही. प्रत्येक राज्याचं उत्पादन शुल्क वेगळं, नियम वेगळे, लेबलाची मंजुरी वेगळी. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिअर विकायला नेणं म्हणजे जवळजवळ दुसऱ्या देशात नेणं. मायक्रोब्रुअरीचं गणित यातूनच सुटतं. जिथे बनवायची तिथेच, नळातून ग्लासात. बाटली नाही, त्यामुळे बाटलीवरचं लेबलही नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, तेव्हापासून शहरात हा प्रकार रुजला त्याला चवीइतकंच हेही कारण आहे. छोटं राहिलात तर तगाल. मोठं व्हायचं तर आधी कागद सांभाळा.

यात तुमचा काय संबंध? दोन आहेत.

पहिला नोकरीचा. कॅम्पसवर 'कूल' ब्रँडचं नाव आलं की आपण हुरळून जातो. ऑफिसात बीनबॅग आहे का हे विचारतो, कंपनी कमावते का हे विचारत नाही. कंपन्यांचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर थोडी फी भरून कुणालाही बघता येतात. ऑफर लेटर हातात आलं की तेवढा खर्च करा. पगार आणि पीएफ वेळेवर जमा होतो का, हे तिथे काम करणाऱ्या सीनियरला सरळ विचारा. माकडाचं चित्र कितीही गोड असलं तरी घरभाडं त्यावर भागत नाही.

दुसरा संबंध थेट ग्लासाशी. 'हलका मसाला' यातलं 'हलका' मसाल्याला आहे, दारूला नाही. साधा हिशोब करा. पाच टक्क्यांच्या बिअरचा अर्ध्या लिटरचा एक मग म्हणजे २५ मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलीच्या पेगमध्ये ते होतं १३ मिलीच्या आत. म्हणजे मऊ, संत्र्याच्या वासाचा तो एक मग म्हणजे जवळपास दोन छोटे पेग. रम घशाला जळजळून इशारा तरी देते, ही बिअर तोही देत नाही. 'कडूच नाहीये' ही कौतुकाची बाब जितकी, तितकीच सावध व्हायची. अल्कोहोलचं पूर्ण सुरक्षित असं प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय.

कायद्याची तऱ्हा आणखी वेगळी. महाराष्ट्रात बिअरला वय २१, हार्ड लिकरला २५; शेजारच्या गोव्यात १८. आपल्या कायद्याचं नाव आजही 'महाराष्ट्र दारूबंदी कायदा', आणि त्यानुसार प्यायला परवाना लागतो, हे किती जणांना ठाऊक आहे? दोन पेगांना पंचविशी आणि तेवढंच अल्कोहोल असलेल्या मगला एकविशी, हे तर्काला पटत नाही, मान्य. पण नियम विसंगत आहे म्हणून तो मोडायचं लायसन्स मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनीअर गेले. त्याआधी त्याला दारू देणाऱ्यांनी वय विचारलं असतं तर, हा प्रश्न शहराला अजून सतावतो. गाडी चालवताना १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे. पहिल्यांदा सापडलात तर दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा दोन्ही.

तेव्हा परत त्या टेबलावर या. एकविशी पार केलेल्यांनी छोटा ग्लास घ्यावा, वास घ्यावा, धणे सापडतात का बघावं. आवडली तर आवडली, नाही आवडली तर तसं सांगावं. महाग आहे म्हणून भारी म्हणायची गरज नाही. मेन्यूत नावापुढे टक्का लिहिलेला नसेल तर वेटरला विचारावा. तुमचं वय अजून १९ असेल तर लिंबू सोडा मागवा आणि त्याबद्दल कुणाला स्पष्टीकरण देत बसू नका.

आणि ज्याच्याकडे गाडीची चावी आहे, त्याच्यापुढे ती लाकडी पट्टी सरकवू नका. त्याने उद्या रिक्षाने येऊन चव घेतली तरी धणे तेच असतील.